किती किलो मिळाले ते विचारा

शासनाच्या योजनांची पाहणी करायला कधीमधी कोणीतरी वस्तीत येते. पूर्वी हातात छापील कागद असायचा, आता मोबाईल असतो. सोबत गावात तलाठी नाहीतर ग्रामसेवक, शहरात वॉर्डातला एखादा कार्यकर्ता. दारात उभ्याउभ्याच विचारणे सुरू होते. आजी, रेशन मिळतं का? मिळतं. पगार येतो का? (निराधारांच्या अनुदानाला आपल्या म्हाताऱ्या ‘पगार’च म्हणतात.) येतो की. मग शेवटचा प्रश्न. योजनेबाबत आपण समाधानी आहात का? अतिशय समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, असे चार खाने. आजी एकदा तलाठ्याकडे बघते, एकदा सुनेकडे बघते आणि म्हणते, “हाय की बाबा. तुमच्या किरपेनं चाललंय समदं.”

‘समाधानी’वर खूण पडते आणि माणूस पुढच्या दारात जातो.

वाचकहो, त्या एका खुणेखाली काय काय झाकले गेले असेल ते पाहा. कार्डावर पाच माणसे आहेत. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य मिळायला हवे. पिशवीत पडते २२ किलो. सुनेचे नाव कार्डात चढलेले नाही, म्हणून घरातले सहावे तोंड हिशेबातच नाही. अनुदान मध्ये दोन महिने आले नव्हते, मग एकदम आले, की एकच महिन्याचे आले, हे बँकेतल्या गर्दीत समजले नाही. नातवाचा शिष्यवृत्तीचा अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत आला आहे आणि ती त्रुटी कोणती हे कॉलेजातला बाबू सांगत नाही. यातले काहीच त्या कागदावर आले नाही. आजी खोटे बोलली असेही नाही. पूर्वी काहीच मिळत नव्हते, आज काहीतरी मिळते, तिच्या हिशेबात ते समाधानच. पण वर जो अहवाल जाईल त्यात ती ‘समाधानी लाभार्थी’ म्हणून मोजली जाईल, आणि तिच्या वाट्याचे ३ किलो धान्य कुठे गेले हे विचारायचे कोणाला कारण उरणार नाही.

योजना चांगली चालली की वाईट, हे ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच विचारले पाहिजे, यात शंका नाही. मात्र काय विचारायचे, कोणी विचारायचे आणि कोणाच्या देखत विचारायचे, यावर उत्तर ठरते. समाधान विचारले तर समाधान मिळते. माप विचारले तर माप कळते.

ठराव एक, पाणी दुसरे

आपल्या लोकांना हा फरक नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळ्यापुरता तसा ठरावही केला. समजा, त्या साली मुंबईहून कोणी पत्र लिहून नगरपालिकेला विचारले असते, ‘तळे खुले आहे काय?’, तर उत्तर ‘होय’ असेच आले असते, आणि कागदापुरते ते खरेही होते. तळ्याच्या पायरीवर जाऊन घागर घेतलेल्या बाईला विचारले असते तर दुसरेच उत्तर मिळाले असते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या कागदाची पाहणी खऱ्या अर्थाने झाली.

पुढच्याच वर्षी, १९२८ साली, मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. तिला स्टार्ट समिती म्हणतात. बाबासाहेब तिचे सभासद होते. सभासदांनी प्रांतात फिरून गाऱ्हाणी ऐकायची असे ठरले आणि १९२९ साली खानदेशाची पाहणी बाबासाहेबांकडे आली. चाळीसगावच्या टांग्याची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला, वस्तीतल्याच एका माणसाने सवय नसताना टांगा हाकला, वाटेत पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. गोष्ट मानापमानाची म्हणून आपल्या लक्षात राहते. पण ते त्या भागात गेले होते कशाला, हे सहसा कोणी सांगत नाही. एका गावी घातलेल्या बहिष्काराची चौकशी करायला ते गेले होते. सरकारी समितीचे सभासद, बॅरिस्टर, कायदे कौन्सिलचे सदस्य. मनात आणले असते तर मामलेदाराकडून अहवाल मागवून मुंबईत बसता आले असते.

तक्रार न करणाऱ्या बायका

आता ‘समाधान’ या शब्दाकडे वळू. गरीब माणूस समाधानी असल्याचे सांगतो त्याचा अर्थ काय घ्यायचा? याचे एक जुने आणि मन विषण्ण करणारे उदाहरण आहे. १९४३ च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने लोकांच्या प्रकृतीची पाहणी केली. विधुर पुरुष आणि विधवा बायका दोघांनाही विचारले, तुमची प्रकृती कशी आहे? विधुरांपैकी शंभरात ४८.५ जणांनी सांगितले की आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे. विधवांपैकी असे सांगणाऱ्या शंभरात फक्त २.५ होत्या. बंगालातली त्या काळची विधवा, अर्धपोटी, दुष्काळातून उठलेली, घरात शेवटी जेवणारी. ती म्हणाली, माझे बरे आहे.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आपल्या लिखाणात मांडले आणि त्यांतून नेमका मुद्दा काढला. ज्याला आयुष्यभर कमीच मिळाले तो आपली अपेक्षाही तेवढीच कापून घेतो. मग त्याला विचारलेल्या समाधानावरून त्याची स्थिती मोजता येत नाही. याच धर्तीचे दुसरे उदाहरण केरळ आणि बिहारचे देतात. केरळात लोक जास्त जगतात, दवाखाने बरे आहेत, बायाबापड्या शिकलेल्या आहेत, तरी ‘मी आजारी आहे’ असे सांगणारे बिहारपेक्षा केरळात जास्त! दुखणे ओळखता येते, ते सांगता येते आणि सांगून औषध मिळते हे माहीत असते, तिथे लोक तक्रार करतात. तक्रारी वाढल्या म्हणजे काम बिघडले असे समजणाऱ्या साहेबलोकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आपल्या घरातही पाहा. आईला विचारले, जेवलीस का? ती म्हणते, जेवले. भाकरीच्या टोपलीत डोकावल्याशिवाय खरे कळत नाही.

यात भीती मिसळते ती वेगळीच. विचारणारा माणूस नाव लिहून घेतो. उद्या ‘ही बाई नाराज आहे’ असे वर कळले तर असलेलेही बंद होईल, ही धास्ती प्रत्येक निराधार बाईच्या मनात असते. संजय गांधी निराधार योजनेतले अनुदान २०२३ साली वाढून महिना १,५०० रुपये झाले. तेवढ्या पैशावर औषध, मीठ-मिरची भागवणारी बाई दारात उभ्या असलेल्या तलाठ्यासमोर ‘असमाधानी’ म्हणेल, अशी अपेक्षा धरणेच चूक. शिवाय ‘तुमच्या किरपेनं’ हा शब्द आपल्या जिभेवरून अजून गेलेला नाही. कायद्याने जे मिळते त्याला कृपा म्हटले की मोजमाप संपते. देणाऱ्याच्या दानाचे वजन कोण करतो?

आणि सगळ्यांत मोठी गोम अशी की पाहणी लाभार्थ्यांच्या यादीवरून होते. ज्याला मिळाले त्यालाच विचारतात. ज्याचे कार्डच झाले नाही, ज्याच्या अंगठ्याचे ठसे कष्टाने झिजून यंत्रावर उमटत नाहीत, जी परित्यक्ता तहसील कचेरीत सहा हेलपाटे घालून थकली आणि अर्ज सोडून दिला, त्यांची नावे यादीत नसतात. शंभर लाभार्थ्यांत नव्वद समाधानी निघाले असे छापून येते. यादीबाहेर किती राहिले, ते त्या शंभरात नाहीतच.

दुकान कोणाच्या आळीत आहे?

मग कसे विचारावे? याचा एक फार चांगला नमुना आपल्याच माणसाने घालून दिला आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले प्रा. सुखदेव थोरात यांनी जोएल ली यांच्याबरोबर २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू या पाच राज्यांतल्या ५३१ गावांत शाळेतले मधल्या वेळचे जेवण आणि रेशन या दोन योजनांची माहिती त्यात गोळा केलेली होती. तिथे कोणाला ‘समाधानी आहात का’ विचारून भागवले नाही. विचारले ते असे: जेवण शिजते ती जागा कोणत्या आळीत आहे? स्वयंपाक कोण करते? मुले एका पंगतीत बसतात की वेगळी? रेशन दुकान कोणाच्या वस्तीत आहे, दुकानदार कोणत्या जातीचा? त्याच पैशात माल सारखा मिळतो का? धान्य हातात देतात की वरून टाकतात?

एक तृतीयांशाहून जास्त गावांत शाळेच्या जेवणात जातिभेद होत असल्याचे निघाले. काही ठिकाणी स्वयंपाकाला आपली बाई ठेवली म्हणून इतरांनी मुले पाठवणे बंद केले होते. काही ठिकाणी दुकानदार हाताला हात लागू नये म्हणून माल वरून सोडत होता. हे कळले कारण प्रश्न जागेचा, हाताचा आणि वजनाचा होता. ‘मधल्या वेळच्या जेवणाबाबत पालक समाधानी आहेत का’ असे विचारले असते तर पोराला एक वेळ पोटभर मिळते म्हणून बहुतेक आयांनी होच म्हटले असते, वेगळ्या पंगतीत बसवत असले तरी.

बंगलोरचे प्रगतिपुस्तक

मग समाधान कधी मोजूच नये काय? तसेही नाही. बंगलोर शहरात ते मोजले आणि त्याचा उपयोगही झाला, पण रीत निराळी होती. सॅम्युएल पॉल हे अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे माजी संचालक. त्यांनी आणि काही नागरिकांनी मिळून १९९३-९४ च्या सुमारास शहरातल्या घराघरांत जाऊन विचारले की पाणी, वीज, नगरपालिका, दवाखाने, टेलिफोन या खात्यांचे काम कसे वाटते. शाळेत मुलाला प्रगतिपुस्तक मिळते तसे प्रत्येक खात्याला गुण दिले. झोपडपट्टीतल्या कुटुंबांची पाहणी वेगळी केली, ती सरासरीत विरघळू दिली नाही. आणि समाधानाबरोबरच विचारले की एका कामासाठी किती खेपा घातल्या, चिरीमिरी किती द्यावी लागली.

१९९४ साली समाधानी असणारे शंभरात ९ निघाले. हे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले. खात्यांची नावे घेऊन छापले, कोण वर कोण खाली हे सगळ्या शहराने वाचले. साहेबांना राग आला, काहींनी दुर्लक्ष केले, काहींनी मात्र बोलावून विचारले की आमच्यात नेमके काय चुकते. १९९९ साली पुन्हा तेच प्रश्न विचारले तेव्हा समाधानी ३४ झाले आणि २००३ साली ४९. शंभरातले ५१ तरीही समाधानी नव्हते, हेही वाचा. पाहणी खात्याने स्वतः केली नव्हती, ती बाहेरच्या लोकांनी केली होती, उघड्यावर मांडली आणि पुन्हा पुन्हा केली. पेटीत बंद करून ठेवलेल्या अहवालाने काही होत नाही. असे किती अहवाल मंत्रालयाच्या कपाटात असतील कोण जाणे! १९५२ साली केंद्र सरकारने योजनांचे मूल्यमापन करायला वेगळी संघटना काढली होती, तेव्हापासून हे काम देशात चालू आहे. संघटनेचे नाव बदलले, २०१५ पासून ते काम नीती आयोगाच्या कार्यालयाकडे आहे. पण ज्या गावात पाहणी झाली त्या गावाला ‘तुमच्याबद्दल आम्ही काय लिहिले’ हे येऊन वाचून दाखवण्याची पद्धत मात्र तिथून आली नाही.

हजेरीपट मोठ्याने वाचला

ती आली राजस्थानातल्या मजुरांकडून. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग आणि त्या भागातल्या मजूर-शेतकऱ्यांनी १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन उभे केले. दुष्काळी कामावर राबून पूर्ण मजुरी मिळत नाही, ही मूळ तक्रार. कचेरीत गेले की बाबू म्हणायचा, कागदावर काम कमी भरले आहे. मग कागद दाखवा. कागद मिळायचा नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. मांडव टाकला, गाव जमले आणि मिळवलेले हजेरीपट मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अमक्या कामावर अमक्याचे नाव, इतके दिवस, इतके रुपये. खरे की खोटे? कोणी उठून सांगे, मी त्या कामावर गेलोच नाही. कोणी सांगे, माझे दिवस जास्त होते, पैसे कमी मिळाले. मेलेल्यांची नावे निघाली. अर्धवट बांधकामे कागदावर पूर्ण झालेली निघाली. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही तीही या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत होती, कारण प्रश्न तिच्या स्वतःच्या घामाचा होता. ‘रोजगार योजनेबाबत आपले मत’ विचारले असते तर तिने पदर तोंडाला लावला असता.

या सुनावण्यांतूनच माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. त्याच २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने १७ व्या कलमात ग्रामसभेने कामांचा सामाजिक लेखाजोखा घ्यावा असे लिहिले. आंध्र प्रदेशाने ते मनावर घेतले. मजुरांच्याच घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना तयार करून त्यांच्याकडून घरोघर पडताळणी करवली आणि ती गावासमोर वाचली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या २८ व्या कलमातही रेशनच्या अशाच लेखाजोख्याची तरतूद आहे.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले. २००७ साली ग्रामीण आरोग्य अभियानात लोकांनी दवाखान्यांवर देखरेख ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे त्याची जुळणी होती आणि सुरुवात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या पाच जिल्ह्यांत झाली. गावातल्या बाया बसून ठरवायच्या: नर्सबाई ठरल्या दिवशी आल्या का? डॉक्टर हजर होते का? औषध दवाखान्यात मिळाले की बाहेरून आणायला चिठ्ठी दिली? बाळंतपणाला पैसे मागितले का? चांगले असेल तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर तांबडा. तक्ता गावात लागायचा आणि नंतर जनसुनवाईत डॉक्टरांसमोर मांडला जायचा. आकड्यांपेक्षा रंग बायांना चटकन कळतात. तांबडा रंग लागलेला पाहून साहेबांना आकड्यापेक्षा जास्त झोंबतो, असेही म्हणायला हरकत नाही.

आपल्या वस्तीत कसे करता येईल

हे सगळे वाचून ‘मोठ्या लोकांची कामे’ असे कोणी म्हणेल. पण महिला मंडळातल्या चार बायका आणि कॉलेजात जाणारी दोन मुले एवढ्यांना पन्नास घरांची पाहणी दोन रविवारांत करता येते. एक वही आणि एक वजनकाटा पुरे.

पहिली गोष्ट, एका वेळी एकच योजना घ्या. रेशन घेतले तर रेशनच. सगळे एकदम धरले की गाऱ्हाण्यांचा ढीग होतो आणि हाती काही लागत नाही.

घरे निवडताना यादी दुकानदाराकडून घेऊ नका. वस्तीच्या एका टोकापासून सुरू करा आणि ओळीने जा. कार्ड नसलेले घर आले तर ते सोडायचे नाही. त्यांना वेगळे विचारा: अर्ज केला होता का? कधी? कोणत्या कारणाने परत केला? किती खेपा झाल्या आणि किती दिवसांची मजुरी बुडाली? कधीकधी याच घरांतून सर्वांत महत्त्वाची माहिती निघते.

वहीत नाव लिहू नका, घराला नुसता नंबर द्या. हे सांगूनच बसा. दुकानदाराचा नातेवाईक, पुढारी किंवा कचेरीतला माणूस सोबत नको. बायांना बायांनीच विचारावे, आणि शक्य तर मालक कामावर गेल्यावर. रेशन आणायला रांगेत उभी राहते ती, दळणही तीच नेते. तिला माप तोंडपाठ असते.

प्रश्न असे असावेत की उत्तर आकड्यात किंवा तारखेत यावे. कार्डावर माणसे किती, घरात खाणारी किती? या महिन्यात गहू किती, तांदूळ किती? मशीनची पावती दिली का? पावती असेल तर तिच्यावरचा आकडा आणि पिशवीतले वजन दोन्ही लिहा. ते वजन आपल्या काट्यावर करा, अंदाजाने नको. पैसे घेतले का? जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालचे धान्य मोफत आहे, तेव्हा ‘हमाली’ म्हणून दहा रुपये घेतले तरी ते लिहायचे. महिन्यात दुकान किती दिवस उघडे होते? किती खेपा झाल्या? अंगठा लागला नाही म्हणून रिकाम्या हाताने परत यावे लागले का? दुकानदार कसा बोलतो हेही विचारा, पण शेवटी. अपमान मोजता येत नाही म्हणून तो गाळायचा नसतो. तिचे शब्द तसेच्या तसे लिहून घ्या.

शेवटी हवे तर ‘समाधानी आहात का’ हेही विचारा. मग वहीत एकाच ओळीवर दोन गोष्टी दिसतील, मिळाले २२ किलो आणि उत्तर ‘समाधानी’. असे दोन आकडे शेजारीशेजारी मांडले की ग्रामसभेत वेगळे भाषण करावे लागत नाही.

एक सावधगिरी हवी. पाहणी म्हणजे एका दुकानदाराशी भांडण असे होऊ देऊ नका. गोदामातूनच पोते कमी भरून येते अशी दुकानदारांची तक्रार असते. ती खरी असेल तर तीही लिहा आणि वरपर्यंत न्या. अशी पाहणी कोणाचा हिशेब चुकता करायला निघाली असे लोकांना वाटले, तर पुढच्या वेळी दार उघडणार नाहीत.

जमलेल्या आकड्यांची सरासरी काढून थांबू नका. वस्तीची सरासरी ठीक असते आणि टोकाच्या चार झोपड्यांना निम्मेच मिळालेले असते. एकट्या बाईची घरे, अपंगांची घरे, नव्याने आलेल्यांची घरे वेगळी काढून बघा. सगळ्यांत कमी कोणाला मिळाले, तो आकडा आधी वाचायचा.

मग तो कागद कुठे न्यायचा? अन्नसुरक्षा कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे दुकानापासून राज्यापर्यंत दक्षता समित्या असायला हव्यात आणि त्यांत अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, निराधार किंवा अपंग यांना प्रतिनिधित्व हवे. आपल्या दुकानाच्या समितीत कोणाची नावे आहेत हे आधी विचारा. नाव असलेल्या बाईलाच आपण समितीत आहोत हे माहीत नसते, असेही घडू शकते. रेशनचे दप्तर लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवावे असे त्याच कायद्याचे २७ वे कलम सांगते. दाखवले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दुकानाला किती धान्य आले हे त्यात मागा आणि आपल्या वहीतल्या बेरजेशी ताडून पाहा.

दाखल्यांची पाहणी करायची तर महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा हाताशी आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, अधिकारी कोण, अपील कोणाकडे, याचा फलक कचेरीत लावणे बंधनकारक आहे. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फलकावरचे दिवस आणि आपल्या मुलाला जातीच्या दाखल्यासाठी लागलेले दिवस, एवढे दोनच आकडे वीस घरांतून गोळा करा. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. तो हक्क मुलांच्या प्रवेशाच्या वेळी एका कागदावर अडतो, म्हणून हे दिवस मोजायचे. शिष्यवृत्तीचेही तसेच. प्रवेश कोणत्या महिन्यात झाला आणि पैसे खात्यावर कोणत्या महिन्यात आले, मधल्या काळात फी कोणी भरली, सावकाराकडून आणली का, व्याज किती. वसतिगृहातली मुले हे काम एका संध्याकाळी करू शकतात.

पहिल्या फेरीची वही विहारात किंवा मंडळाच्या पेटीत जपून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच घरांत, त्याच प्रश्नांनी पुन्हा जायचे. शब्द बदलू नका, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. पहिल्या वेळी ज्या घरांनी ‘आम्हाला काही सांगायचं नाही’ म्हणून दार लावून घेतले होते, त्या घरांत या वेळी सर्वांत आधी जा.